शुको: ग्वाटेमालाच्या रस्त्यावरचा हॉट डॉग, आपल्या गॅलरीत

मैत्रेयी_एलए

हॉट डॉग म्हटलं की आपल्याकडे गोडसर बन, आत कोमट सॉसेज आणि वर केचपची रेघ एवढंच डोळ्यासमोर येतं. त्यामुळे या पदार्थाला कुणी फारसा मान देत नाही. ग्वाटेमालाचा शुको खाल्लात तर मत बदलेल, म्हणून हा धागा.

ग्वाटेमाला सिटीत हातगाडीवर कोळशाची शेगडी असते. जाळीवर एका बाजूला पाव आणि दुसऱ्या बाजूला सॉसेज, चोरिझो आणि लाँगानिसा (दोन्ही मसालेदार सॉसेजचेच प्रकार), सलामी, बेकन, गोमांसाचे पातळ काप, गाडीवाल्याकडे जे असेल ते. पाव पोटात चिरून निखाऱ्यावर भाजायचा, आत अवोकाडो कुस्करून केलेला हिरवागार ग्वाकामोल फासायचा, त्यावर उकडलेला कोबी, मग मांस आणि शेवटी मेयोनेज, पिवळा मस्टर्ड, हवा तर केचप. 'कॉन तोदो?' असं गाडीवाला विचारतो, म्हणजे सगळं घालू ना? हो म्हणायचं. दोन-तीन प्रकारचं मांस एकत्र घेतलं की तो झाला 'मिक्स्तो'. शहराच्या झोन ५ मधल्या लिसेओ ग्वाटेमाला या शाळेबाहेरचे शुको इतके गाजले की 'शुकोस देल लिसेओ' असं नावच पडलं. शुको म्हणजे तिथल्या बोलीत मळका, कळकट. पण खाणारे हे नाव अगदी लाडाने घेतात.

लॉस एंजेलिसमध्ये ग्वाटेमालाची माणसं भरपूर. वेस्टलेक भागात, मॅकार्थर पार्कजवळ सिक्स्थ स्ट्रीटवर त्यांच्या खाण्याच्या गाड्या लागतात. माझी ओळख तिथलीच. पुढची कृती मात्र ऑफिसमधल्या एका ग्वाटेमालन मैत्रिणीकडून घेतलेली आणि माझ्या स्वयंपाकघरात बसवलेली आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते: शुकोत सॉसेज दुय्यम आहे. भाजलेला पाव, ग्वाकामोल आणि कोबी, ही तीन जमली की साध्यातलं साधं सॉसेज चालतं. ही तीन फसली तर महागडं सॉसेज आणूनही उपयोग नाही. म्हणून कृती त्याच क्रमाने देतेय. प्रमाण सहा शुकोंचं.

कोबी: मध्यम गड्ड्याचा अर्धा भाग, साधारण ३०० ग्रॅम. भाजीसाठी चिरतो त्याहून बारीक आणि लांब चिरायचा. मोठ्या पातेल्यात पाणी खळाखळा उकळून त्यात चमचाभर मीठ, मग कोबी. तीन ते चार मिनिटं, बस. दाताखाली किंचित करकर राहिली पाहिजे. लगेच चाळणीत ओतून वर गार पाणी घालायचं. आता खरी मेहनत: स्वच्छ पंचात बांधून पिळायचा, चक्क्यासाठी दही बांधतो तसा नुसता टांगून ठेवून भागत नाही. दोन्ही हातांनी पिळ मारायचा. केवढं पाणी निघतं बघाच. मग मोकळा करून चिमूटभर मीठ आणि अगदी थोडं व्हिनेगर.

ग्वाकामोल: दोन मोठे पिकलेले अवोकाडो, एका लिंबाचा रस, मीठ आणि चुरडलेला सुका ओरेगॅनो अर्धा चमचा. कांदा घालायचा तर अगदी बारीक, एखादा चमचा. टोमॅटो आणि कोथिंबीर यात घालू नका, तो मेक्सिकन थाट झाला. काट्याने मऊ दाबून घ्या. पावावर सुरीने सहज पसरता आला पाहिजे.

पाव: गोड नसलेला, साधारण एक वीत लांब, वरून पातळ पापुद्र्याचा आणि आतून मऊ. एका कडेने चिरायचा, दुसरी कड जोडलेली ठेवायची. पुस्तकासारखा उघडून आतली बाजू निखाऱ्यावर.

सॉसेज मी उभं मधोमध चिरते, पूर्ण तोडत नाही. चपटी बाजू जाळीवर ठेवली की कडा कुरकुरीत होतात आणि पावात नीट बसतं, गडगडत बाहेर येत नाही.

रचना: पावाच्या दोन्ही पाळ्यांना ग्वाकामोल, खालच्या पाळीवर कोबीचा जाड थर, वर मांस, त्यावर मेयो आणि मस्टर्डची नागमोडी रेघ. तिखट हवं तर पिकामास नावाचा बाटलीतला हिरवा मिरची सॉस ग्वाटेमालात घरोघरी असतो, तो. नाही तर चिले कोबानेरोची पूड.

फोटो उद्या टाकते.

खट्याळ_खवय्या

गटारी तोंडावर आली असताना असा धागा काढल्याबद्दल मैत्रेयीताईंचा जाहीर सत्कार करण्यात यावा. तोंडाला पाणी सुटलं.

आणि 'फोटो उद्या टाकते' हे वाक्य या फोरमवर अनेक वर्षं वाचतोय.

चिकित्सक

उकडलेला कोबी? हॉट डॉगमध्ये? कच्चा का नाही, किमान कुरकुरीत तरी लागेल. आणि अवोकाडो घातलेला हॉट डॉग चिलीमध्येही असतो. मग यात ग्वाटेमालाचं खास काय?

मैत्रेयी_एलए

चिकित्सक, चिलीचा तो 'कोम्प्लेतो'. त्यातला 'इतालियानो' प्रकार तुम्ही म्हणताय: अवोकाडो, चिरलेला टोमॅटो आणि भरमसाट मेयोनेज. हिरवा, लाल, पांढरा असे इटलीच्या झेंड्याचे रंग, म्हणून ते नाव. त्यात सॉसेज सहसा उकडलेलं असतं आणि पाव निखाऱ्यावर जात नाही. शुकोला कोळशाचा वास हवाच. कोलंबियात हॉट डॉगवर बटाट्याच्या वेफर्सचा चुरा आणि अननसाचा सॉस घालतात, मेक्सिकोच्या सोनोरामध्ये सॉसेजला बेकन गुंडाळून खाली राजमा-टोमॅटो. लॅटिन अमेरिकेत प्रत्येकाने हा पदार्थ आपापल्या घरचा करून घेतलाय. एकाचं दुसऱ्याला लावून चालत नाही.

कच्च्या कोबीबद्दल: करून बघा. कच्चा कोबी पावात दबत नाही, प्रत्येक घासाला सांडतो आणि त्याचा उग्र वास ग्वाकामोलच्या वर चढतो. उकडून पिळलेला कोबी मऊ गादी होऊन बसतो. मेयो आणि सॉसेजचा रस तोच धरून ठेवतो, म्हणून पावाचा लगदा होत नाही.

निवांत_नानी

पावसाळ्यात आमच्याकडे कोबी आणतच नाहीत, आळ्यांच्या भीतीने. उकडायचा असेल तर मात्र हरकत नाही वाटत. मीठ-हळदीच्या पाण्यात पाने सुटी करून आधी ठेवली आणि मग उकडला तर माझ्या सासूबाईसुद्धा खातील.

पण मैत्रेयी, आम्ही शाकाहारी. आमच्यासाठी काही सोय आहे की नुसतं वाचून उठायचं?

शेगडीकर

मांसाबद्दल इतर बोलतील, मी विस्तवाबद्दल बोलतो.

मैत्रेयी यांनी कोळशाचा आग्रह धरलाय तो बरोबर आहे, पण एक गोष्ट ठळक लिहिली पाहिजे: बंद स्वयंपाकघरात कोळसा पेटवू नका. खिडकी उघडी आहे म्हणून भागत नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. डोकं जड व्हायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. गच्ची, अंगण, मोकळी गॅलरी, यापैकी काही असेल तरच शेगडी. काचा लावून बंद केलेली बाल्कनी म्हणजे खोलीच, ती यात धरू नका. विझल्यासारखे दिसणारे निखारेसुद्धा घरात आणून ठेवायचे नाहीत.

आता तंत्र. पेटत्या ज्वाळेवर पाव धरला तर बाहेरून काळा, आतून थंड. कोळशावर पांढरी राख धरली की मग जाळी ठेवा. तळहात जाळीच्या वर वीतभर धरून चार-पाच सेकंद सोसवला तर पावाला योग्य आच. सॉसेजला त्याहून जास्त हवी, म्हणून निखारे एका बाजूला ढकलून ठेवायचे: दाट बाजूला मांस, विरळ बाजूला पाव. पाव अर्ध्या-पाऊण मिनिटात होतो, तिथून हलायचं नाही, फोन बघायचा नाही.

पावसाळ्यात कोळसा दमट असतो. तो उडतो, तडतडतो आणि धूर करतो. आदल्या दिवशी उन्हात, ऊन नसेल तर ओव्हनच्या शेजारी उबेला पसरून ठेवा. रॉकेल ओतून पेटवणाऱ्यांना माझा दंडवत. तो वास थेट पावात उतरतो.

अपर्णा_ठाणे

फ्लॅटवाल्यांनी काय करायचं? आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप असतं, किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला.

शेगडीकर

बिडाचा तवा. पाच मिनिटं रिकामा तापवा, पाव आतल्या बाजूने कोरडाच ठेवा आणि वरून पातेलीने दाबा. तूप-लोणी लावू नका. कोरडा भाजलेला पापुद्रा ग्वाकामोलचा ओलावा अडवतो, लोण्याने तो मऊ पडतो. पापड भाजायची जाळी गॅसवर ठेवूनही चालतं, पण आच बारीक.

धुराचा वास हवाच असेल तर भाजलेलं सॉसेज झाकणाच्या भांड्यात ठेवून धुंगार द्या, दालला देतो तसा: एक लहान निखारा वाटीत, वर दोन थेंब तेल, झाकण. दोन मिनिटांच्या वर नको, कडवट होतं. एवढ्याशा निखाऱ्यालाही खिडकी उघडी आणि चिमणी चालू ठेवायची, आणि काम झालं की लगेच पाण्यात विझवायचा.

बेकरीवाला_मिरज

पावावर कुणी बोलत नाहीये म्हणून मी येतो. आमची बेकरी आजोबांपासूनची.

बाजारात 'हॉट डॉग बन' म्हणून मिळणाऱ्या पाकिटात साखर फार. निखाऱ्यावर साखर आधी करपते, त्यामुळे पाव भाजला गेला असं वाटतं पण आत काही झालेलं नसतं. लादी पाव चवीला चालेल पण त्याला चारही बाजूंनी पापुद्रा नाही, कोबी-ग्वाकामोलच्या वजनाने फाटतो. ब्रून कडक पडतो, चावताना सगळं मागून बाहेर येतं. तुमच्या बेकरीवाल्याला सांगा की लादीच्याच पिठाचे लांब गोळे सुटे सुटे भाजून दे. ओळख असेल तर कुणीही देतो.

घरी करायचे तर: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३०० मिली, मीठ १०, साखर २०, इन्स्टंट यीस्ट ७, तेल किंवा वनस्पती तूप २५ ग्रॅम. दहा-बारा मिनिटं चांगलं मळा, पीठ ताणल्यावर पातळ पडदा तुटता कामा नये. दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा. पावसाळी हवेत तासभर लागतो, मे महिन्यात त्याच्या आधीच फुगतं. मग १०० ते ११० ग्रॅमचे आठ गोळे. प्रत्येक गोळा आधी चपटा लाटून वरून खाली घट्ट गुंडाळायचा आणि शिवण चिमटून बंद करायची. घट्ट गुंडाळी केली की पाव लांबटच फुगतो, नुसता वळला तर मधे पोट सुटतं. ट्रेवर अंतर ठेवून परत पाऊण तास. २०० अंशावर १५ ते १८ मिनिटं.

अंड्याचा हात फिरवू नका, चमक येते पण पापुद्रा मऊ राहतो. पाण्याचा हात पुरे.

आणि एक, ताजा गरम पाव चिरू नका. सकाळचा पाव संध्याकाळी निखाऱ्यावर सगळ्यात सरस लागतो.

मैत्रेयी_एलए

क्या बात है! मी इथे ग्वाटेमालन बेकरीतून 'पिरुहो' आणते, तो बराचसा याच्याच जवळचा, फिका आणि मऊ. वाचनखूण साठवली.

म्हापशेंकार

चोरिझोचं नाव निघालं आणि गोंयकार गप्प बसला असं होईल का? आमचा चोरीस पोर्तुगीज मूळचा, त्यांचा चोरिझो स्पॅनिश मूळचा, एकाच द्वीपकल्पातून निघून दोन टोकांना गेलेली भावंडं. चव मात्र वेगळी. आमच्यात व्हिनेगर आणि लाल मिरची ठासून, आंबट-तिखट. ग्वाटेमालाचा त्या मानाने सौम्य असावा असं मैत्रेयीच्या वर्णनावरून वाटतंय.

शुकोत घालायचा तर अख्खी मणी घालू नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या माळा लटकलेल्या दिसतात ना, त्यातल्या दोन-तीन मणी एका पावाला पुरतात. आतडं सोलून आतला मसाला-मांस मोकळं करायचं, थोड्या पाण्यात मंद आचेवर शिजवायचं, पाणी आटलं की ते आपल्याच चरबीत परततं. तेल अजिबात लागत नाही. वर उभा चिरलेला कांदा. चोरीस मुळातच खारट, त्यामुळे कोबीत आणि ग्वाकामोलमध्ये मीठ निम्मं करा. कोबीतलं व्हिनेगर तर गाळाच.

मी रविवारी केला होता. चोरिसाची लाल चरबी कोबीत उतरते आणि वरून थंड ग्वाकामोल. ती लाल-हिरवी कड पाव चावताना दिसते, तिथेच जीव जातो. पोई घेतली होती, कोंड्याची, ती निखाऱ्यावर छान फुगली. पण एक वीत लांब नव्हती, क्षमस्व.

चिकित्सक

मग तो गोव्याचा चोरीस-पाव झाला, अवोकाडो घातलेला. शुको कसला?

म्हापशेंकार

बाबा, तू ये घरी. खाऊन नाव ठेव.

वाशी_मसाला

ग्वाटेमालाचं नाव वाचून थांबलो. आमच्या धंद्यात ग्वाटेमाला म्हणजे वेलची. जगात सगळ्यात जास्त वेलची तिथेच पिकते आणि निर्यातीतही पहिला नंबर त्यांचाच. मूळची आपली सह्याद्रीची, पण १९१४ च्या सुमारास एका जर्मन कॉफी मळेवाल्याने तिथल्या आल्ता वेरापास प्रांतात नेऊन लावली. गंमत म्हणजे तिथले लोक स्वतः वेलची फारशी खात नाहीत, बहुतेक माल अरब देशांत जातो, कॉफीत घालायला.

आता धाग्याशी संबंध: मैत्रेयीताईंनी लिहिलेली कोबानेरो मिरची त्याच प्रांतातल्या कोबान गावाच्या नावाची. बारीक, झणझणीत आणि धुरावर वाळवलेली. आपल्याकडे मिळणार नाही. बेडगीने भागवू नका, तिला रंग आहे, तिखटपणा नाही. लवंगी मिरची निखाऱ्याच्या कडेला ठेवून डाग पडेपर्यंत भाजा आणि जाडसर कुटा. सोबत स्मोक्ड पाप्रिका चार भागाला एक भाग. नागालँडची धुरावरची मिरची मिळाली तर उत्तम, पण ती चिमटीने नाही, टाचणीच्या डोक्याने मोजा.

अपर्णा_ठाणे

वेलचीची माहिती भारीच. मला वाटायचं ती आपलीच मक्तेदारी.

अवोकाडोबद्दल विचारायचं होतं. आमच्या भाजीवाल्याकडे दोन प्रकार येतात. एक गुळगुळीत हिरवा मोठा, स्वस्त. दुसरा काळपट खडबडीत, त्याची किंमत ऐकून मी परत ठेवला. कुठला घेऊ? आणि पिकलाय हे कसं कळतं?

मैत्रेयी_एलए

खडबडीत तो 'हास' जातीचा. त्यात तेलकटपणा जास्त, म्हणून ग्वाकामोल लोण्यासारखा होतो. मोठा हिरवा बहुतेक दक्षिणेकडचा, कूर्ग-कोडाईकनालचा, त्याला तिकडे बटरफ्रूटच म्हणतात. तो पाणीदार असतो. शुकोसाठी तोही चालवा, फक्त मिक्सरमधून काढू नका. काट्याने दाबा, चाळणीवर पाच मिनिटं ठेवा आणि लिंबू बेताने घाला.

देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबायचं. तिथे दबलं तर पिकला. सगळीकडून दबत असेल तर आत काळा निघायची शक्यता जास्त. कच्चा मिळाला तर केळ्यासोबत तांदळाच्या डब्यात घाला, दोन-तीन दिवसांत होतो.

आधी करून ठेवायचा असेल तर ग्वाकामोलच्या पृष्ठभागाला चिकटून प्लास्टिक लावा, मधे हवा राहता कामा नये. बी आत ठेवली की काळं पडत नाही असं सगळे सांगतात. बीच्या खालचाच भाग तेवढा हिरवा राहतो, कारण तिथे हवा पोचत नाही. बाकीचा काळा पडतोच.

पथ्यपाणी

सगळं छान आहे, पण प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय, याची कुणीतरी आठवण करून द्यायला हवी होती. त्यात निखाऱ्यावर करपवणं, वर मेयोनेज.

खट्याळ_खवय्या

आले!

पथ्यपाणी

खाऊ नका म्हटलं नाहीये. आठवड्याला दोनदा करणाऱ्यांसाठी लिहिलं. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का आहे एवढंच, तंबाखूइतकंच घातक असा त्याचा अर्थ नाही. ग्वाकामोल आणि कोबी वाढवा, सॉसेज एकच ठेवा. मैत्रेयी यांचं 'सॉसेज दुय्यम' हे तत्त्व मला त्यासाठीच आवडलं.

मेयोबद्दल मात्र जपून. घरी कच्च्या अंड्याचा करून उन्हाळ्यात बाहेर ठेवणं धोक्याचं. तेलंगणाने २०२४ मध्ये विषबाधांनंतर कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली होती, नंतर तमिळनाडूनेही. बाटलीतला आणा किंवा बिनअंड्याचा. तो गोड असतो, त्यात लिंबू पिळा.

मैत्रेयी_एलए

पथ्यपाणी, मान्य. मेयो लिंबाच्या रसाने थोडा पातळ केला की बाटलीतून रेघ बारीक पडते, आपोआप कमी लागतो. मस्टर्ड मात्र साधा पिवळाच हवा, व्हिनेगर आणि हळदवाला. कासुंदी, म्हणजे बंगाली मोहरीची झणझणीत चटणी, घातलीत तर नाकातून धूर निघेल आणि ग्वाकामोल कुठे गेला ते कळणार नाही.

नानी, तुमचं राहिलंच. ग्वाटेमालात बिनमांसाचा शुको गाडीवर सर्रास मिळतो असा माझा दावा नाही, तेव्हा हा माझा खेळ समजा. पनीर आणि सोया सॉसेज दोन्ही करून बघितलं. पनीर ग्वाकामोलसोबत फिकं पडतं, पांढऱ्यावर हिरवं, दोन्ही सौम्य. ऑयस्टर मशरूम मात्र कमाल. हाताने लांब फाडायचे, मीठ, ठेचलेला लसूण, लाल तिखट, जिरेपूड, थोडं व्हिनेगर आणि तेल चोळून अर्धा तास ठेवायचे आणि कडक आचेवर जाळीवर किंवा तव्यावर दाबून भाजायचे. कडा काळपट कुरकुरीत होईपर्यंत हलवायचे नाहीत. चोरिझोचा मसाला साधारण असाच असतो, त्यामुळे वास बरोबर येतो.

निवांत_नानी

मशरूम आमच्याकडे फक्त मी खाते. ह्यांच्यासाठी बटाट्याच्या जाड काचऱ्या त्याच मसाल्यात भाजते. चिकित्सक, तुम्ही काही बोलू नका.

चिकित्सक

मी कुठे काय बोललो! उलट परवा केला. कोबी पिळण्याचा सल्ला न मानता नुसता निथळून घेतलेला एक आणि पंचात पिळलेला एक, असे दोन शेजारी शेजारी ठेवले. दहा मिनिटांनी निथळलेल्याचा पाव खालून ओला, उचलता येईना. पिळलेला जसाच्या तसा. सॉसेज चिकनचं, फ्रीजरमधलं. पाकिटावर शिजवलेलं आहे की कच्चं ते वाचून घ्या, दोन्ही प्रकार मिळतात. कच्चं असेल तर आधी मंद उकळत्या पाण्यात शिजवून मगच चिरा, नाहीतर जाळीवर फुटून सगळी चरबी निखाऱ्यात.

केचप घातला नाही. गोडपणाची गरजच वाटली नाही. तिथे घालतात का नक्की?

मैत्रेयी_एलए

घालतात, मागितला तर. मी घालत नाही. माझी मैत्रीण घालते आणि मला हसते.

खट्याळ_खवय्या

चिकित्सक यांनी शेजारी शेजारी प्रयोग केला हे वाचून डोळे पाणावले. फोटो?

चिकित्सक

खाऊन टाकले.

सायली_न्यूजर्सी

माझ्याकडे पाव नाही पण मक्याच्या टॉर्टिया आहेत ढीगभर. त्यात घालून चालेल का?

मैत्रेयी_एलए

चालेल म्हणजे काय, त्याला स्वतंत्र नावच आहे: 'मिक्स्ता'. गरम मक्याची टॉर्टिया, ग्वाकामोल, कोबी, त्यावर सॉसेज आणि हाताने दुमडून खायचं. शुको आणि मिक्स्ता यांची सामग्री जवळपास तीच. टॉर्टिया तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून फडक्यात गुंडाळून ठेव, उघडी राहिली की मोडते. शक्यतो ग्वाटेमालन घे, मेक्सिकनपेक्षा ती थोडी जाड आणि लहान असते, ओलं सारण सोसते.

निवांत_नानी

आपल्या मक्याच्या पिठाची भाकरी करून?

वाशी_मसाला

नानी, दुमडताना मोडेल. तिकडचं पीठ वेगळं असतं. मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात, सालं चोळून काढतात आणि मग ओला वाटतात. चुन्याने दाण्यातला चिकटपणा सुटतो, म्हणून पिठाला ताण येतो आणि टॉर्टिया वळते. आपलं मक्याचं पीठ नुसतं कोरडं दळलेलं. मोठ्या शहरांत आयात मालाच्या दुकानात 'मासा हरिना' नावाने तयार पीठ मिळतं, ते कोमट पाण्यात मळायचं. कॉर्नफ्लोअरशी गल्लत करू नका, ते निव्वळ स्टार्च.

निवांत_नानी

मग आधी पावच करते. मिरजकर, तुमच्या प्रमाणातला मैदा निम्मा करून गव्हाचं पीठ घातलं तर पाणी किती वाढवू?

बेकरीवाला_मिरज

निम्मं गव्हाचं असेल तर ३० ते ४० मिली जास्त, पण एकदम ओतू नका, पिठाच्या चक्कीवर अवलंबून आहे. मळल्यावर पीठ दहा मिनिटं नुसतं झाकून ठेवा आणि मग परत मळा, कोंडा पाणी पिऊन घेतो. पाव थोडा बसका होईल. निखाऱ्यावर वास मात्र मैद्यापेक्षा चांगला येतो, हे मी बेकरीवाला असून सांगतोय.